तोडकऱ्याच्या खोपीतला खोकला : एका मंडळीच्या मदतीचं प्रकरण

हे प्रकरण निपाणी तालुक्यातल्या, वेदगंगेकाठच्या एका गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी तिथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, चिटणीस. ठराववही माझ्याकडं असते. खालचं बरंचसं त्या वहीतून आणि त्यात असलेल्या माणसांशी बोलून लिहिलंय. आसपासच्या मंडळ्यांतून ‘तुम्ही नक्की काय केलंत?’ अशी विचारणा होते, म्हणून जरा सविस्तर.

आम्ही कोण

मंडळी लहान, चाळीसएक घरांची. बेळगावात लंडन मिशन १८२० मध्ये आलं आणि १९०४ पासून ते काम अमेरिकन मेथडिस्टांनी हाती घेतलं. आमच्या निपाणीकडचा ओढा मात्र कोल्हापूरचा, जिथं १८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर येऊन राहिले. आजोबांच्या पिढीत मोठं दुखणं आलं की गाडी जुंपून मिरजेला न्यायचे, डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशनच्या दवाखान्यात. दया ही मिशनवाल्यांनी करायची आणि आपण घ्यायची, अशी ती रीत होती. आज मंडळीत शिक्षक आहेत, निवृत्त फौजी आहेत आणि बऱ्यापैकी ऊस असलेले शेतकरी आहेत. घेणाऱ्याच्या जागेवरून देणाऱ्याच्या जागेवर आम्ही दोन पिढ्यांत आलो, पण द्यायचं कसं हे कुणी शिकवलं नाही.

दसरा-दिवाळी झाली की बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. माळावर पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या खोपी उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाच्या आधीच मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या म्होरक्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, ती तोडीतून फेडायची. कामावर गेलं नाही की खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो.

नाताळात या खोप्यांवर सामान वाटायची चाल २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतरची. त्या वेळी नदीकाठची घरं पाण्यात होती, लोक शाळांत राहत होते आणि तांदूळ-तेल-साखर-चादर हे पुडकं खरोखर कामाचं होतं. पूर ओसरला, पण पुडकं राहिलं. दर नाताळात तेच, फक्त वर लाल रिबीन आणि केकचा तुकडा. दिवसभर ऊस तोडणाऱ्या माणसाला दोन किलो साखर द्यायची, यातली गंमत आमच्या कुणाच्या लक्षात आली नव्हती.

काय आढळलं

२०२४ चा नाताळ. वाटप झालं, फोटो निघाले. दोनतीन दिवसांनी आमच्या सिस्टरबाई किराणा दुकानात गेल्या. या निवृत्त स्टाफ नर्स, अख्खं गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणतं. काउंटरमागं आमच्याच तांदळाच्या पिशव्या होत्या, रिबिनीसकट. दुकानदार म्हणाला, “तोडकरी आणून देतात नि जोंधळा घेऊन जातात. भात खाऊन कोयता चालत नाही म्हणतात.” दुसरं कुणी असतं तर रागावलं असतं. सिस्टरबाई तिथून सरळ माळावर गेल्या, ‘तुम्ही जेवता तरी काय’ एवढंच विचारायला.

तिथं एक बाई चुलीपाशी पदर तोंडाला लावून खोकत बसली होती. वय विचारलं तर म्हणाली पंचवीस-तीस असंल. हातावर पाचटानं कापल्याच्या जुन्या-नव्या रेघा.

“किती दिस झाले खोकला?”

“दिवाळीपास्नं हाय. धुराळ्याचा हाय बाई.”

“ताप येतो?”

“राती अंग गरम लागतं. सकाळी घामानं वाकळ ओली.”

“दवाखान्यात गेलीस का?”

“खाडा पडतो की.”

दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, रात्रीचा ताप, उतरलेलं वजन. सिस्टरबाईंना पुढचं सांगायची गरज नव्हती. खोपीत आणखी दोन पोरं होती, धाकटं तीनेक वर्षांचं.

बैठक

रविवारी उपासनेनंतर समिती बसली आणि दोन तास उठली नाही. तीन मतं पडली, आणि तिन्ही मांडणारी माणसं भलीच होती.

आमच्या हवालदार काकांचं म्हणणं, गाडी करा, बेळगावच्या नाहीतर कोल्हापूरच्या चांगल्या खाजगी दवाखान्यात न्या, पैसे मी घालतो. दुसरं मत, उचल किती ते विचारून मुकादमाच्या तोंडावर फेकू आणि त्या कुटुंबाला गावी पाठवू. तिसरं मत हळू आवाजातलं होतं पण त्यानंच बैठक अडली. खोपीत जाऊन एका आजारी बाईला आपण औषध-पैसा देणार, उद्या कुणी म्हणालं आमिष दाखवलं, तर?

ही भीती खुळचट नाही. कर्नाटकातलं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते डिसेंबर २०२१ मध्ये, आमच्याच जिल्ह्यात, बेळगावच्या सुवर्णसौधात. २०२२ मध्ये कायदा झाला. त्यात आमिषाची व्याख्या भेटवस्तू, पैसा, वस्तुरूप लाभ इथपर्यंत ताणलेली आहे, आणि आपण दोषी नाही हे दाखवायची जबाबदारी आरोप झालेल्यावर टाकलेली आहे. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचं ठरवलं, पण गावातल्या माणसाच्या मनातली धास्ती मंत्रिमंडळाच्या निर्णयानं जात नाही. तेव्हापासून आमच्याकडं काहींनी शेजाऱ्याला दवाखान्यात नेतानाही दहादा विचार करायला सुरुवात केली आहे. मला याचं फार वाईट वाटतं, पण तो विषय वेगळा.

मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, यांनी यावर भाषण केलं नाही. ते म्हणाले, ज्याला परतफेड करता येत नाही त्यालाच जेवायला बोलवा, हे बायबलात लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. तेव्हा बदल्यात काही मागायचं नाही ही अट आपल्याला सरकारनं घातलेली नाही, ती आधीचीच आहे. मग ती अट पाळली जातेय हे कुणालाही दिसेल असं वागायला काय हरकत आहे? त्यातून साधे नियम निघाले. पत्रकं न्यायची नाहीत. फोटो काढायचे नाहीत. एकट्यानं जायचं नाही, आणि जोडीत एक बाई हवीच. जे करू ते आशाताईंना आणि पंचायतीच्या मेंबरना सांगून करायचं. प्रार्थना आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये करायची. खोपीत करायची ती तिनं स्वतःहून म्हटलं तरच.

मग त्यांनी चांगल्या शोमरोन्याची गोष्ट काढली, वाटेत लुटून टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची. सगळ्यांना वाटलं, आता ठरलेलं ऐकायचं. पण त्यांचा रोख जखमांवर ओतलेल्या तेल-द्राक्षारसावर नव्हताच. ते म्हणाले, पुढं वाचा. त्यानं जखमी माणसाला उतारशाळेत, म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळेत नेलं. दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दिनार दिले. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तोच भाव आहे. म्हणजे दोन दिवसांची मजुरी, फार नाही. आणि वर बोली केली, जास्त लागलं तर परत येताना देईन. त्यानं दवाखाना बांधला नाही, आपला प्रवास सोडला नाही. जी उतारशाळा रस्त्यावर होती तिच्या हवाली केलं आणि हिशेब उघडा ठेवला. आपल्या रस्त्यावरची उतारशाळा कुठली?

“सरकारी दवाखाना,” सिस्टरबाई म्हणाल्या. “टीबीच्या गोळ्या तिथंच नीट मिळतात, त्याही फुकट. खाजगीत नेऊन आपण पैसे घालू, पण हंगाम संपल्यावर तिला गोळ्या कोण देणार?”

हवालदार काकांना हे रुचलं नाही. त्यांचे पैसे कुणी नाकारले याचा त्यांना बरेच दिवस राग होता. दिलदार माणसाला ‘तुमचा पैसा नको, तुमची मोटरसायकल हवी’ असं सांगणं अवघड असतं. पण शेवटी तीच लागली.

गोळ्या

थुंकी तपासली, टीबी निघाला. ‘निक्षय’ या सरकारी नोंदणीत नाव चढलं, नंबर मिळाला. वजन ३८ किलो, त्यामुळं रोजच्या गोळ्या तीन. पहिले दोन महिने चार औषधांची गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची. नवऱ्याची आणि पोरांची तपासणी झाली. ती निर्दोष निघाली आणि धाकट्याला आजार होऊ नये म्हणून औषध सुरू झालं. कागदावर पाहिलं तर काम झालं होतं.

पुढच्या आठवड्यात सिस्टरबाई गेल्या तेव्हा खोपीमागच्या पाचटात गोळ्यांची अख्खी पट्टी पडलेली. बाई बोलेना. नवराही बोलेना. बऱ्याच वेळानं मोठी पोरगी म्हणाली, “आईला लाल व्हतं.” लघवी लाल-केशरी होत होती. बाईला वाटलं रक्त जातंय, औषधानं आतडं जळतंय. रिफाम्पिसिन या औषधानं लघवीचा, घामाचाही रंग असा होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दवाखान्यात हे सांगितलं गेलं होतं, पण कानडीत. पट्टीवर इंग्रजी, कार्डावर कानडी, आणि बाईला वाचता येत होतं ते चौथीपर्यंतचं मराठी. सीमावादाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ८६५ गावं कुणाची यावर आमच्याकडं लहान पोरंही तावातावानं बोलतात. त्या सगळ्या भाषाभिमानात टीबीच्या कार्डाचं मराठी करून द्यावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते काम मंडळीतल्या कानडी माध्यमात शिकलेल्या एका पोरीनं केलं. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात: लघवी लाल होईल, भ्यायचं नाही. डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली, तर लगेच दवाखाना. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोपीच्या मेढीला बांधलं. मळमळीचं डॉक्टरांना विचारून गोळ्यांची वेळ बदलून घेतली, कारण पहाटे चारला उपाशीपोटी गोळ्या घेऊन फडात, म्हणजे उसाच्या शेतात जायचं म्हणजे बांधावर ओकायचंच.

महिला मंडळातल्या काहींना जायची भीती वाटत होती. सिस्टरबाईंनी त्यांना रागे भरलं नाही. बाहेर उघड्यावर बसा, दोनेक आठवडे गोळ्या नीट गेल्या की धोका बराच उतरतो, एवढं सांगितलं. काही जणी आल्या, काही शेवटपर्यंत आल्या नाहीत.

जेवणाचं तुलनेनं सोपं गेलं. ‘निक्षय मित्र’ या २०२२ पासूनच्या योजनेत संस्था किंवा माणसं रुग्णाच्या संमतीनं महिन्याचा शिधा देऊ शकतात. मंडळीनं त्यात नाव घातलं; आता आम्ही देतो ते सरकारी नोंदीत दिसतं, आणि ‘आमिष’वाल्या शंकेला हे परस्पर उत्तर झालं. यादी बाईनंच सांगितली: बाजरी, तूरडाळ, शेंगदाणे, तेल, अंडी. तांदूळ नको म्हणाली. सरकारकडून पोषणाचे महिना १००० रुपयेही मिळतात, नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते ५०० होते. रेशनचं मात्र दुकानदारानं हात वर केले, “महाराष्ट्राचं कार्ड इकडं चालत नाही.” चालतं. जानेवारी २०२० पासून दोन्ही राज्यं एक देश एक रेशनकार्ड योजनेत आहेत, आधार जोडलेलं असलं की अंगठा लावून केंद्राच्या वाट्याचं धान्य कुठंही उचलता येतं. आमचे हेडमास्तर दुकानात जाऊन नुसते उभे राहिले. अंगठा लागला, धान्य मिळालं. नंतर त्याच मशिनीवर टोळीतल्या आणखी काहींनी धान्य घेतलं. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त लोकांना झालेला उपयोग हाच असावा.

खाडा

आता अवघड भाग. बाईनं फडात जायचं बंद केलं की नवरा ‘अर्धा कोयता’. कमाई निम्मी आणि वर रोजचा खाडा. मुकादमाशी बोलायला गेलो तेव्हा तो काही सिनेमातला खलनायक निघाला नाही. चहा दिला. म्हणाला, “मी बी वाहनमालकाकडनं उचल घेतलीया. टनेज कमी पडलं तर माझ्या मानेवर येतं. तुमीच सांगा खाडा कुठनं सोडू?” मग जरा थांबून म्हणाला, “आन् ह्या आठवड्यात तोड कुणाच्या फडात हाय, म्हाईत हाय का?”

माहीत होतं. फड आमच्या खजिनदारांचा होता.

नाताळात चादरी वाटणारे आम्ही. त्यातल्या तिघांचा ऊस हीच टोळी तोडत होती. लवकर तोड मिळावी म्हणून आम्हीच टोळीच्या मागं लागत होतो, लवकर म्हणजे एकही कोयता कमी न पडता. आम्ही स्वतःला रस्त्यानं जाणारे शोमरोनी समजत होतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं वचन आहे. पाळकसाहेबांनी ते पुढच्या रविवारी नुसतं वाचलं, त्यावर काही बोलले नाहीत. खजिनदार त्या दिवशी हिशेब न देता घरी गेले.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे, उचलीच्या बदल्यात माणूस अडकवणं त्यात बसू शकतं, तक्रार करू या, असंही एकानं सुचवलं. आम्ही नवरा-बायकोला विचारलं. ती दोघं घाबरली. पुढच्या साली कोण उचल देणार? तक्रार करायची की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं, आमच्या समाधानासाठी ती करणं मला तरी बरोबर वाटलं नाही. उचल फेडून टाकायचा विचारही यामुळंच सुटला. पैसा मुकादमाला गेला असता आणि जोडपं पुढच्या दसऱ्याला नव्या उचलीसाठी त्याच्याच दारात उभं राहिलं असतं.

ठरलं ते असं. दवाखान्याच्या दिवसांचा खाडा मुकादमानं सोडला. मंडळीतल्या तीन शेतकऱ्यांनी त्याला सांगितलं की आमच्या फडात तोड चार दिवस उशिरा झाली तरी तक्रार नाही. उशिरानं वजनात जी घट येईल ती आमची. बाई खोपीवर राहून टोळीच्या लहान पोरांकडं बघायला लागली, त्याचे थोडे पैसे इतर बायकांनी दिले. खजिनदारांनी खुशालीशिवाय (शेतकरी तोडकऱ्यांना वर देतो ती बक्षिसी) वेगळी रक्कम नवऱ्याच्या हातावर ठेवली, किती ते वहीत लिहू नका म्हणाले. लिहिलेली नाही. तरीही तूट राहिली, आणि ती उचलीत चढली.

देवाचं काय

फेब्रुवारीत खोकला थांबला होता, अंगावर जरा मांस आलं होतं. एका संध्याकाळी बाईनं पाळकीणबाईंना विचारलं, “तुमच्या देवाचं काय करावं लागतं?” खोपीत बीडकडचे संत भगवानबाबा यांचा फोटो, त्याला रोज उदबत्ती. गुण आला की नवस फेडायचा, इतका सरळ हिशेब तिच्या मनात होता. पाळकीणबाई म्हणाल्या, “काही करावं लागत नाही. गोळ्या तेवढ्या पुऱ्या कर.”

यावरून मंडळीत अजून वाद आहे. दार उघडं असताना साक्ष दिली नाही, असं काहींना वाटतं. मला पाळकीणबाईंचं बरोबर वाटतं. जी बाई आपलं देणं किती झालं असं विचारते आहे, तिला त्या क्षणी प्रभूबद्दल सांगणं म्हणजे बिल हातात देणं झालं असतं. पण समोरच्यांचं म्हणणंही नोंदवतो: विचारल्यावरही गप्प राहायचं, तर मग आपण आणि एखादी सेवाभावी संस्था यात फरक कोणता? या प्रश्नाला बैठकीत कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

पट्टा पडल्यावर

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळी ट्रॅक्टरवर सामान बांधायला लागली तेव्हा उपचाराचे जवळपास चार महिने उरले होते. इथंच बहुतेकांचं औषध सुटतं. निक्षयच्या नंबरावर उपचार दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात वळवता येतो, पण कुणीतरी तो वळवावा लागतो. सिस्टरबाईंनी दवाखान्यात बसून ते करून घेतलं, वाटेपुरत्या गोळ्या घेतल्या, तिकडच्या आरोग्य केंद्राचा नंबर शोधला. नोंद पोचली होती, माणूस पोचलं नव्हतं: तिकडच्या आशाताईंना अशी कुणी आल्याचंच ठाऊक नव्हतं. फोनवर फोन झाल्यावर त्या घरी जाऊन आल्या. मधे काही दिवस गोळ्या चुकल्या. एप्रिल-मे मध्ये नवऱ्याचा फोन बंदच असायचा, रिचार्ज नसायचा. तो हवालदार काकांनी मारला, आणि दर पंधरवड्याला तेच विचारपूस करत राहिले.

पावसाळ्यात नवऱ्याचा फोन आला. शेवटची तपासणी झाली, थुंकीत काही निघालं नाही, गोळ्या बंद झाल्या. मग म्हणाला, त्याच मुकादमाकडून उचल घेतली आहे, मागची बाकी धरून. गेल्या सालापेक्षा मोठी. येऊ ना तिकडंच?

समितीनं दोन गोष्टी ठरवल्या. टोळी आल्याच्या पहिल्या आठवड्यात आशाताईंबरोबर खोपीखोपीतून खोकल्याची चौकशी आणि रेशनचा अंगठा. आणि मंडळीतल्या ऊसवाल्यांनी तोड ठरवतानाच मुकादमाला सांगायचं की आजारपणाचा खाडा लावणाऱ्या टोळीला आमचा फड नाही. पहिली गोष्ट एकमतानं झाली. दुसरीवर तिघांपैकी दोघांनी सही केली. तिसरे म्हणतात, मी एकट्यानं ऊस वाळवत बसू का, आधी गावातल्या बाकीच्या शेतकऱ्यांना विचारा. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, म्हणून दसऱ्याच्या आधी गावची बैठक मागितली आहे. नाताळच्या पुडक्याचा विषय तहकूब आहे. केक मात्र द्यायचाच, असं रविवारच्या शाळेतल्या पोरांनी लेखी कळवलं आहे.